मधलं सांगणारी

"पुढं काय आहे?"

"काही नाही. एक कुत्रं आहे, पण ते झोपलंय."

"झोपलंय कुठं? रस्त्यात का कडेला?"

"कडेलाच. म्हंजे, शेपूट रस्त्यात आहे."

"बाई, शेपूट नको सांगूस मला. कड मला दिसते. मधलं सांग."

"मधे मोकळं आहे काका. चला बिनघोर."

आणि काका चालले. पांढरी मोटार, माणूस रमतगमत चालावा तेवढ्या वेगानं, दोन्ही कडांच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोब्बर मधून. शेजारच्या सीटवर भोंगाबाई बसलेली. पट्टा छातीशी आवळलेला, नजर पुढं, आणि मांडीवर दोन्ही हातांच्या मुठी उघडझाप करत असलेल्या. सायकलवालीच ती. तिचे ब्रेक हातात असायचे. मोटारीत बसली तरी हात ऐकत नव्हते.

काकांनी जन्मभर रस्ते बांधले. इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर दोघं नवराबायको ह्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहायला आली. वसाहत चांगली होती; झाडं होती, बाकडी होती, दवाखाना होता, आणि सगळ्यांतून वळणं घेत जाणारा एकच मोठा रस्ता होता. काकांच्या डोळ्यांचं मधलं इथं आल्यावर गेलं. हळूहळू गेलं. जिथं बघावं तिथंच एक करडा डाग, आणि डागाच्या भोवतीचं सगळं लख्ख. भोंगाबाईचे कान त्यांना दिसत, तोंड दिसत नसे. कोणाकडं बघायचं झालं की ते मान जरा वळवून कोंबड्यासारखं तिरकं बघत.

"बरं आहे की," भोंगाबाई म्हणायची. "तोंडात काय बघायचंय माझ्या? कानात निदान फुलं तरी आहेत."

काकू होत्या तोवर कोणाला पत्ता लागला नाही. काका चालवायचे, काकू शेजारी बसायच्या. लोक म्हणायचे, काय जोडी आहे, एकमेकांवाचून कुठं जात नाहीत. जाणार कसे? चाक एकाच्या हातात, डोळे दुसरीच्या कपाळात. मग काकू न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला, चढावरच्या शुश्रूषागृहात नेऊन ठेवलं. तिथं त्या काही दुसऱ्याच्या हातनं खाईनात. नर्सनं चमचा पुढं केला की ओठ मिटून घ्यायच्या. काका दुपारी जाऊन भरवायचे तेव्हा खायच्या. चढ पायी चढायचा म्हटलं तर काकांचं हृदय तेवढं राहिलेलं नव्हतं.

काकूंनीच भोंगाबाईचा हात धरून सांगितलं होतं, "यांना एकट्याला सोडू नकोस. रस्त्यातलं मधलं तेवढं सांगत जा. बाकी सगळं येतं त्यांना."

बाईला वाटलं, ह्यात काय आहे? दिसेल ते सांगायचं. बोलण्यात तर आपला हात कोणी धरत नाही.

खरंच धरत नव्हतं. म्हणून तर भोंगा हे नाव पडलं. बाई नवऱ्याच्या जुन्या, आडव्या दांडीच्या सायकलवर फिरायची. नवरा दुसरा संसार थाटायला गेला तेव्हा सायकल ठेवून गेला. एवढं मात्र शहाण्यासारखं केलं, असं ती म्हणे. सायकलला घंटी होती ती चोरीला गेली. दुसरी तिनं बसवलीच नाही. लांबूनच हाळी द्यायची, "आले, आले, बाजू घ्याऽऽ." गावाकडं ह्या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय होती तिच्या घशाला. वसाहतीतली निम्मी माणसं कानांनी गेलेली, मोटारीचे हॉर्न त्यांच्या डोक्यावरून जायचे, पण भोंगाबाईची हाळी ऐकू यायची. एक आजोबा तर म्हणायचे, कानातलं मशीन काढून ठेवलं तरी ही आत शिरते.

काम तिचं आंघोळ घालायचं. ज्यांना स्वतःला जमत नाही त्यांना घरोघर जाऊन न्हाऊ घालायची. कोणी विचारलं तर सरळ सांगायची, "माणसं धुते मी." त्यात लाज नव्हती आणि मिरवणंही नव्हतं. कोणाची पाठ खरबरीत, कोणाची पोटऱ्यांची कातडी कागदासारखी, कोण पाणी अंगावर पडलं की आईच्या नावानं रडतं, सगळं तिला ठाऊक. म्हाताऱ्या पुरुषांना पहिल्यांदा अवघड व्हायचं. ती म्हणायची, "काका, मी धुणं धुताना सदऱ्याचं तोंड बघत नाही. बसा गुपचूप." बसायचे.

वसाहतीत एक रिवाज आपोआप पडला होता. डॉक्टरांनी ज्याची मोटार बंद केली तो तीनचाकी सायकल घ्यायचा. त्यामुळं रस्त्यावर जेवढ्या मोटारी तेवढ्याच सायकली, आणि दोन्हीकडं माणसं तीच. काल मोटारीतून सायकलवाल्यांना शिव्या घालणारा आज सायकलवर बसून मोटारवाल्यांना घालायचा. "गाडी सुटली की सायकल, सायकल सुटली की ढकलखुर्ची, खुर्ची सुटली की..." असं घड्याळजी म्हणायचे आणि पुढचं नुसतं बोट वर करून दाखवायचे.

हे घड्याळजी म्हणजे खिडकीएवढ्या दुकानात बसून जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. डोळा अजून असा की मुंगीच्या पायातला काटा काढावा. पण कान गेलेले, पाय सुजलेले. डॉक्टरनं पाय हलवायला सांगितले होते. मुलीचा सायकलला विरोध. ती फोनवरून ओरडायची, ते मशीन काढून ठेवायचे. त्यांना तीनचाकीवर बसवलं ते भोंगाबाईनं. धोबीखान्यामागच्या रिकाम्या वाटेवर तिनं शिकवलं, मागं झेंडा लावून दिला, पुढं टोपली.

"आता मोठ्या रस्त्याचं ऐका," ती म्हणाली होती. "कडेकडेनं जायचं. पण धोबीखान्याच्या वळणावर गटाराची जाळी आहे. तिच्या फटी आडव्या नाहीत, रस्त्याच्याच दिशेनं उभ्या पाडल्यात कोण्या शहाण्यानं. चाक बरोब्बर आत बसतं. तिथं मागं बघायचं, हात दाखवायचा आणि मधे यायचं."

"आणि मागनं मोटार असली तर?"

"थांबेल."

"नाही थांबली तर?"

"थांबते हो. आत माणूसच असतो ना."

घड्याळजी हसले होते. "बाई, तुझं घड्याळ नेहमी बरोबर चालतं असं तुला वाटतं."

ह्या जाळीचं तिनं काकांनाही विचारलं होतं एकदा, मोटारीतून जाताना. "काका, ही असली जाळी कोण बसवतं?"

"पाणी जायला तशीच बसवतात."

"पण सायकल?"

"रस्ता पाण्यासाठी असतो, मोटारीसाठी असतो. सायकलचं कोण बघतं?" काका म्हणाले. त्यात तुसडेपणा नव्हता. जे होतं ते सांगितलं त्यांनी.

तो दिवस उन्हाचा होता. काचा वर, गारव्याचं यंत्र चालू. बाईच्या मांडीवर काकूंचा जेवणाचा डबा. धोबीखान्याच्या अलीकडं बाईला झेंडा दिसला.

"कडेला सायकल दिसतेय मला," काका म्हणाले. खूश झाले जरा. आपलं आपल्याला दिसलं की ते खूश होत.

"हो. घड्याळजी आहेत."

"जाऊ दे त्याला कडेनं. मधे?"

"मधे मोकळं."

आणि मग तिला जाळी दिसली. सायकलवर बसणाऱ्याला रस्ता जसा दिसतो तसा तिला दिसायचा. खड्डा आधी, काच आधी, वाळू आधी. माणसं मागनं. जाळी दिसली म्हणजे पुढचं सगळं आलंच त्यात. आता हा माणूस मागं बघणार, हात काढणार, मधे येणार. कुठल्याही सायकलवाल्याला एवढा एक शब्द पुरला असता.

"जाळी आली, काका," ती म्हणाली. "जाळी."

"येऊ दे की," काका म्हणाले. मोटारीला जाळीचं काय?

घड्याळजींनी मान वळवली. वळवली तेवढी वळली, म्हाताऱ्याची मान ती. हात बाहेर काढला, नीट, शिकवल्यासारखा. आणि मधे आले. मधे आले म्हणजे काकांच्या डागात आले. काकांना एवढंच दिसलं की कड रिकामी झाली. गेला वाटतं गल्लीत कुठं तरी. रस्ता मोकळा झाला म्हणून त्यांनी पायाचा दाब थोडा वाढवला.

भोंगाबाई ओरडली. सगळा घसा लावून ओरडली, "आले, आले, बाजू घ्याऽऽ." अगदी सायकलवर ओरडायची तशीच, आणि तेही घड्याळजींना. काकांना नाही. काचा वर होत्या. तिच्या दोन्ही मुठी डब्यावर आवळल्या, झाकण वाकलं, आणि पुढं पत्र्यावर पत्रा आदळल्याचा आवाज झाला.

घड्याळजी लगेच मेले नाहीत. खुबा मोडला, बरगड्या आत गेल्या. त्यांना काकूंच्याच खोलीशेजारच्या खोलीत ठेवलं.

वसाहतीच्या कचेरीत बोलावणं आलं. पोलीस येऊन रस्ता मोजून गेले होते. व्यवस्थापक तरुण माणूस होता, वाईट नव्हता. त्याला ते लवकर संपवायचं होतं.

"तो कडेनं चालला होता," काका म्हणाले. "एकदम मधे घुसला. मला दिसलाच नाही."

शब्द न् शब्द खरा होता. व्यवस्थापक बाईकडं वळला. "तुम्ही शेजारी होतात. आले ना ते मधे?"

"आले," भोंगाबाई म्हणाली.

"बस. एवढंच हवं होतं."

तोही शब्द खरा होता. बाहेर येऊन तिनं सायकल घेतली, ती हातानंच ढकलत नेली. गावभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, आणि नको तिथं नेमकी तोंड मिटून बसली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी हाक मारली, तर ती डबा घेऊन पुन्हा शेजारी जाऊन बसली. मोटारीचा एक दिवा फुटलेला. ती सबंध रस्ताभर एकच म्हणत राहिली, "मोकळं. मोकळं." काकू जेवल्या.

घड्याळजींचं अंग पुसायचं काम तिच्याकडंच आलं. ओलं फडकं पिळून ती हळूहळू पुसायची, मोडलेल्या बाजूला हात न लावता. त्यांचं कानाचं मशीन उशाशी पडलेलं असायचं. एकदा त्यांनी खुणेनं ते मागून घेतलं आणि कानात बसवलं.

"मी हात दाखवला होता."

"दिसला मला."

"तू होतीस शेजारी."

"होते."

त्यांनी छताकडं बघितलं. "मग मागचा का थांबला नाही?"

बाईनं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, पुन्हा बुडवलं. घड्याळजींनी मशीन कानातून काढून तिच्या हातात दिलं आणि डोळे मिटले.

तिथून ती काकूंच्या खोलीत गेली. काकूंना आंघोळीच्या खुर्चीवर बसवलं, पाठीवर पाणी घातलं. काकू हळूच म्हणाल्या, "तू काय म्हणालीस गं त्यांना त्या दिवशी?"

"जाळी म्हणाले."

"जाळी?"

"जाळी आली म्हणाले. मला वाटलं, कळेल."

पाणी खुर्चीखालून वाहत होतं. मग काकू म्हणाल्या, "अगं, मी त्यांना कधी काही दाखवलं नाही. कुत्रं आहे का माणूस आहे का दगड आहे, त्यांना काय करायचंय? मी थांबा म्हणायचे. थांबायचे. चला म्हणायचे. चालायचे. संसारसुद्धा तसाच केला मी." जरा हसल्या. हसणं अर्ध्यावरच राहिलं. "तुला एवढं सांगायचं राहूनच गेलं."

भोंगाबाईचा हात त्यांच्या पाठीवर तसाच थांबला. एवढंच होतं तर. एक शब्द. तिच्याकडं हजार शब्द होते आणि तेवढा नव्हता.

"कोणाला बोलू नकोस," काकू म्हणाल्या. "मोटार गेली तर त्यांचं येणं गेलं. ते आले नाहीत तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही, तू बघतेस."

"बघते."

"मग?"

"हात वर करा," बाई म्हणाली. काखेत साबण लावायचा होता.

त्याच आठवड्यात घड्याळजी गेले. मुलगी आली. मोठ्या शहरात नोकरी करणारी, झोप न झालेली. खोली रिकामी करून द्यायची होती. भोंगाबाईनं त्यांचे कपडे धुऊन, घड्या घालून गाठोडं बांधलं होतं ते घेऊन ती कचेरीत गेली. तिथं काका बसले होते. काही सह्या करायच्या होत्या त्यांना. मुलगी त्यांच्यासमोर उभी.

"आमच्या बाबांमुळं तुम्हाला ह्या वयात ताप झाला," मुलगी म्हणाली. "मी किती वेळा सांगितलं होतं, सायकल नको म्हणून. ऐकलं नाही. माफ करा."

काकांनी मान वळवून तिच्याकडं तिरकं बघितलं. मुलीला वाटलं असेल, माणूस नजर चुकवतोय.

"असू दे पोरी," काका म्हणाले. "वय झालं की भान राहत नाही."

भोंगाबाईनं गाठोडं टेबलावर ठेवलं.

"भान होतं त्यांना," ती म्हणाली. "मागं बघितलं त्यांनी. हात दाखवला. मग मधे आले. मी शिकवलं तसंच."

व्यवस्थापक म्हणाला, "बाई, तुम्हीच तर त्या दिवशी..."

"त्या दिवशी विचारलंत मधे आले का. आले म्हणाले. काकांना मधलं दिसत नाही. काकू होत्या तोवर त्या सांगायच्या, मग मी सांगायला लागले. त्या दिवशी मी जाळी सांगितली. माणूस सांगितला नाही. थांबा म्हणाले नाही."

वर पंखा फिरत होता.

"काय बोलताय कळतंय का तुम्हाला?" व्यवस्थापक म्हणाला.

"कळतंय. खोटं वाटत असेल तर काकांना विचारा, तुमच्या सदऱ्याच्या खिशाला काय लावलंय ते."

कोणी विचारलं नाही. काका उठले. खिशातून मोटारीची किल्ली काढली आणि टेबलाच्या अगदी कडेवर नीट ठेवली. कड त्यांना दिसत होती. मग ते बाईकडं बघत राहिले, मान न वळवता, सरळ. म्हणजे ती त्यांना दिसत नव्हती.

"काकूला जेवण कोण भरवणार?" त्यांनी विचारलं.

ह्याचं उत्तर बाईनं आधीच शोधून ठेवलं असतं तर कदाचित ती बोललीच नसती.

मुलगी म्हणाली, "म्हणजे बाबांचं काही चुकलं नव्हतं?"

"नाही."

"आणि तुम्ही इतके दिवस..." पुढचं तिनं सोडून दिलं. गाठोडं उचललं, उराशी धरलं आणि निघून गेली. आभार मानण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. बाईचा जबाब झाला, काकांचा झाला, प्रकरण कोर्टात जाऊन पडलं. काकांचा परवाना गेला. वसाहतीची बस चढावर जाते, पण काका तिच्यात बसत नाहीत; चार लोकांनी हात धरून चढवायचं, ते त्यांना पटत नाही. दार लावून बसतात. भोंगाबाई पहिल्या दिवशी गेली तर आतूनच म्हणाले, "उद्यापासून नको." काही घरांनी तिला आपणहून बंद केलं. एक म्हातारी दारातच म्हणाली, "तुझं काम चांगलं आहे गं, पण घरातलं बाहेर सांगणारी नको." तिच्या पाठीवरचा तीळसुद्धा बाईनं आजवर कोणाला सांगितला नव्हता. पण ती वाद घालत बसली नाही. सायकल वळवली.

शुश्रूषागृहानं मात्र तिला ठेवली. खुबा मोडलेलं माणूस न दुखवता उचलणारं तिथं दुसरं कोणी नव्हतं.

धोबीखान्याच्या वळणावर आता पाटी लागली आहे. सायकलींनी कडेनेच जावे. पाटीचा खांब त्या जाळीला लागूनच रोवलेला आहे. जाळी होती तशीच, फटी होत्या तशाच. तीनचाकीवाले पाटी वाचतात, जाळी बघतात आणि उतरून सायकल ढकलत नेतात. ज्यांना उतरता येत नाही ते घरी बसतात.

भोंगाबाई उतरत नाही. सकाळी चढाकडं निघाली की पाटीच्या अलीकडंच मान वळवून मागं बघते, हात काढते आणि मधे येते. मागं मोटार असली तर तोंडानं हाळी देते, पण आता "आले, आले" म्हणत नाही.

"थांबाऽऽ."

मागचा कधी थांबतो, कधी हॉर्नवर हात ठेवून खेटून जातो. गेला की ती त्याच्या आईबापाचा उद्धार करते आणि पेडल मारते.

आज वर गेल्यावर तिनं पदर खोचला, बादली भरली, कोपर बुडवून पाणी बघितलं. कोमट होतं. काकू खुर्चीवर बसलेल्या. हाताच्या काड्या झालेल्या, ओठ मिटलेले. कालचं ताट खिडकीपाशी तसंच होतं. ती आली की त्या भिंतीकडं तोंड करतात.

"हात वर करा, काकू."

काकूंनी केला नाही. बाईनं मनगटाला धरून तो अलगद वर उचलला, एका हातानं तसाच पेलून धरला, आणि दुसऱ्या हातानं साबण लावायला लागली. अजून दोन खोल्यांतल्या आंघोळी राहिल्या होत्या.